जेरुशा म्हणजे वारसा

मांडव्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतरून अलिबागकडे निघालं, की वाटेत झिराड लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, हल्ली वाढलेले बंगले, जमिनीच्या जाहिरातींचे फलक. गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना कुणी ते झेडने सुरू करतं, कुणी जे-एचने. मराठीत 'झ'चे दोन उच्चार आहेत, झाडातला एक आणि झेंड्यातला दुसरा, म्हणून हा घोळ. रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्यांवर बहुधा झेड दिसतो. पण एका आडनावात जे-एच कायमचं बसलं आणि ते आडनाव मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात मोठं झालं. डॉ. जेरुशा झिराड. 1919 साली लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातली एम.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

आडनाव कुठून आलं हे कोकणी माणसाला सांगावं लागत नाही. पण पहिलं नाव? मराठी कानाला ते एकाच वेळी ओळखीचं आणि परकं वाटतं. शेवटचा 'शा' आशा, निशा, उषा, मनीषा यांच्या घरातला. सुरुवातीचा 'ज' जेवणातला, जाळ्यातला नव्हे. मधला 'रु' मात्र थबकायला लावतो. मी हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक समजून 'जेरुसलेम'शी जोडलं होतं. दोन्ही शब्दांचा संबंध असावा असं वाटतं खरं, पण तसा तो नाही. या नावाची कुळकथा वेगळी आहे आणि ती सांगायची तर किनाऱ्यावरूनच सुरुवात करावी लागते.

झिराडपासून पुढे किहीम, मग नवगाव, थळ, वरसोली आणि अलिबाग. जेरुशाबाईंचा बेने इस्राएल हा कोकणातला ज्यू समाज आपलं पहिलं पाऊल या पट्ट्यातल्या नवगावच्या किनाऱ्यावर पडलं असं मानतो. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली हकिगत अशी: फार पूर्वी पश्चिमेकडून आलेलं एक जहाज इथल्या खडकांवर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जे बुडाले त्यांची प्रेतं गावकऱ्यांच्या मदतीने नवगावला पुरली, पुरुषांची एका ठिकाणी आणि बायकांची दुसऱ्या ठिकाणी. तिथे आज स्मारक आहे. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने इथल्या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा मिसळल्याचं आणि ती सरमिसळ साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची असल्याचं दाखवलं. त्यातली एक गोष्ट नावांच्या दृष्टीने मला फार बोलकी वाटते. ज्यू वारसा बापाच्या बाजूने अधिक दिसतो आणि भारतीय वारसा आईच्या बाजूने. घरात पाळणा म्हणणारी, हाक मारणारी बाई या मातीतली होती.

समाज इथे रुजला तो तेलाच्या घाण्यावर. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर. सणांनाही मराठी नावं मिळाली. रोश हशाना झाला नव्याचा सण. योम किप्पूर, ज्या दिवशी घराची दारं लावून उपास करायचा, तो दरफाळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळायचा तो दिवस वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा सण झाला. पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने ठेवला जाऊ लागला. एवढंच काय, प्रार्थनागृहाला हे लोक मशीदच म्हणत. मुंबईत 1796 साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं 'शाआर हारहामीम' आजही 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जातं.

समाजी हसाजी या नावाकडे जरा बारकाईने पाहा. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझेकिएल. आयझॅकचा इसाजी झाला, मोझेसचा मुसाजी. हिब्रू नावाला मराठी 'जी' लावला, की बाजारात, कोर्टात, पलटणीत ते सहज खपून जाई. आतलं हिब्रू नाव मात्र हरवलं नाही, कारण त्याला धर्मविधीचा आधार होता. मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता आणि त्याच वेळी त्याला हिब्रू नाव. पुढे प्रार्थनेत, लग्नाच्या करारात, मृत्यूनंतरच्या आठवणीत तेच नाव घेतलं जाणार. हिब्रू अक्षर वाचता येणारं माणूस गावात नसतानाच्या काळातही ही एक गोष्ट टिकली. परंपरा सांगते, की डेव्हिड राहाबी नावाचा एक प्रवासी आला, त्याने या लोकांना त्यांचा धर्म नव्याने शिकवला आणि तीन घराण्यांना काजी, म्हणजे धर्मप्रमुख, नेमलं. त्या तीनमधलं एक घराणं झिराडकरांचं.

मुलीला असा विधी नव्हता. आठव्या दिवसाची अट नाही, प्रार्थनेत वाचायला नाव लागत नाही. मग तिला कोणतं नाव द्यायचं हे कोण ठरवणार? आजी, आत्या, शेजारीण. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजाविषयी लिहिणाऱ्यांना बायकांमध्ये हिंदू धाटणीची नावंच जास्त आढळली. हिब्रू नावं होती, पण थोडी: सारा, रिबका, राहेल, लेआ, मिल्का, मिर्याम. त्यांच्यापुढे 'बाई' लागला की तीही अंगणातली होऊन जात. पुरुषांची नावं हिब्रू गाभ्यावर मराठी साल चढवून टिकली. बायकांची नावं बऱ्याचदा गाभ्यापासूनच मराठी होती. समाजात स्त्रीचं मोल कमी होतं म्हणून असं झालं, हा निष्कर्ष मला उथळ वाटतो. विधी नसल्यामुळे बायकांच्या नावाला एक मोकळीक मिळाली, आणि त्या मोकळिकीतून नाव कधी शेजारच्या अंगणातून आलं, तर पुढे कधी थेट धर्मग्रंथातून. जेरुशा हे दुसऱ्या तऱ्हेचं.

ग्रंथ या किनाऱ्यावर पोचला एकोणिसाव्या शतकात, आणि तो पोचवण्यात अनपेक्षित माणसांचा हात होता. 1813 मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी कोकणपट्टीत शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुलं आणि शिक्षक बरेच होते. 1826 च्या सुमारास कोचीनहून ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये या समाजासाठी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने त्यांच्याकडून हिब्रू घेतली आणि आपला धर्म घट्ट केला. 1846 साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत हिब्रू आणि मराठीत निघाली. 1874 ची पुण्याची हग्गादा तर चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. त्या चित्राइतकं या समाजाचं नेमकं दर्शन दुसरं क्वचितच सापडेल. अलिबागच्या इस्राएल आळीतलं 'मागेन आबोथ' 1848 चं, रेवदंड्याचं, पनवेलचं आणि पेणचं प्रार्थनागृहही याच काळातलं. दोन-तीन पिढ्यांत तेलाचा घाणा मागे पडला आणि वाचणारा, परीक्षा देणारा, सरकारी नोकरीत शिरणारा समाज उभा राहिला. 1875 मध्ये किहीमकरांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली. 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिली आलेली रिबेका रूबेन याच समाजातली, आणि पुढे ती याच शाळेची मुख्याध्यापिका झाली.

पण वाचणाऱ्या घरातही बहुतेक मुलींची नावं सारा, रिबेका, राहेल, लेआ, मिर्याम अशीच राहिली. याचं कारण प्रार्थनागृहाच्या वाचनक्रमात आहे. शब्बाथला वर्षभर ओळीने वाचले जातात ते मोशेचे पाच ग्रंथ. सारा हसली, रिबका विहिरीवर पाणी भरायला आली, राहेलसाठी याकोबाने चौदा वर्षं चाकरी केली, मिर्याम डफ घेऊन नाचली: हे सगळं त्या पाच ग्रंथांत येतं आणि दरवर्षी कानावर पडतं. ज्या नावाला गोष्ट असते ते नाव आजी सांगू शकते. जेरुशा या पाच ग्रंथांत नाही. ती आहे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, आणि तोच मजकूर थोड्या फरकाने इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात. दोन्ही ठिकाणी मिळून तिच्याबद्दल जे कळतं ते असं: ती सादोकची मुलगी आणि यहूदाचा राजा योथाम याची आई.

एवढंच. ती काय बोलली, कशी होती, काही नाही. मागचापुढचा मजकूर वाचला तर एक अंधूक आकृती दिसते. तिचा नवरा राजा उज्जिया कुष्ठरोगी झाला आणि त्याला वेगळ्या घरात राहावं लागलं. राजवाड्याचा कारभार मुलगा पाहू लागला. नवरा जिवंत असून दुरावलेला, मुलगा पंचविशीत गादीवर. ती बाई या सगळ्याच्या मधोमध असणार. लिहिणाऱ्याने तिच्यावर एक शब्दही खर्च केला नाही, पण तिचं नाव मात्र लिहून ठेवलं, कारण तो शिरस्ता होता. यहूदाच्या राजाची नोंद करताना त्याचं वय, राज्याची वर्षं आणि आईचं नाव सांगायचं.

हा शिरस्ता मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी: आपल्या सातवाहनांनी आईच्या नावाने आपली ओळख सांगितली आणि नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचं नाव दगडात राहिलं. त्याच सातवाहन काळात झिराडच्या दक्षिणेला काही कोसांवर चौलचं बंदर पश्चिमेच्या समुद्री व्यापारात गाजत होतं. ग्रीक लेखक त्याला सिमुल्ला, सेमुल्ला म्हणत आणि कान्हेरीच्या शिलालेखांत ते चेमुल म्हणून येतं. राजाची आई असणं हेच एका बाईचं नाव टिकण्याचं कारण ठरावं, हे पुष्कळ ठिकाणी घडलं आहे.

आता अर्थ. हिब्रूत हे नाव 'येरुशा'. धातू योद-रेश-शिन, म्हणजे ताबा मिळवणं, वारशाने मिळवणं. वचन दिलेला प्रदेश ताब्यात घ्या असं जिथे जिथे इस्राएल लोकांना सांगितलं आहे, तिथे बऱ्याचदा हाच धातू वापरला आहे. त्यावरून येरुशा म्हणजे मिळालेली, आपली झालेली, वतन, वारसा. मराठीत जवळचा शब्द शोधायचा तर मला 'संपदा' सुचतो, आणि तो आपल्याकडे मुलीचं नाव आहेच. मात्र संपदा म्हणजे जमवलेलं. येरुशामध्ये 'आधीच्यांकडून आलेलं' हा भाव आहे. एक बारीक गंमत अशी, की राजांच्या पुस्तकात नावाचं शेवटचं अक्षर आलेफ आहे आणि इतिहासाच्या पुस्तकात हे. उच्चार तोच, वर्ण वेगळा. म्हणजे या नावाच्या शुद्धलेखनाचा घोळ झिराडच्या पाटीपेक्षा दोन-अडीच हजार वर्षांनी जुना आहे.

येरुशाची जेरुशा कशी झाली? हिब्रू 'योद'चा उच्चार 'य'. ग्रीकमध्ये तो 'इ' वर्णाने लिहिला गेला, लॅटिनमध्येही. पुढे लॅटिन लिहिताना त्या अक्षराला शेपूट फुटलं आणि 'जे' हे वेगळं अक्षर तयार झालं. फ्रेंच-इंग्रजीत त्याचा उच्चार 'ज' झाला. म्हणून येरुशलाईमचं जेरुसलेम, यिर्मयाचा जेरेमाया, याकोबाचा जेकब, येरुशाची जेरुशा. मराठी बायबलमध्ये मात्र यरुशलेम, यिर्मया, याकोब, योना अशी 'य'ची रूपं राहिली. तेव्हा बेने इस्राएल घरात 'ज' असलेली जेरुशा आली याचा अर्थ ती इंग्रजीच्या दारातून आली. शिकलेल्या, इंग्रजी बायबल किंवा इंग्रजी प्रार्थनापुस्तकं हाताळणाऱ्या घराचा हा शिक्का आहे, असं मी समजतो. आणि तरी 'य'चा 'ज' होणं मराठीला काही नवं नाही. यात्रेची आपण जत्रा केली, योग्याचा जोगी, यज्ञोपवीताचं जानवं, यादवांचे जाधव. लॅटिनमध्ये झालेला बदल आणि प्राकृतात झालेला बदल यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण जीभ दोन्हीकडे त्याच वाटेने गेली.

इंग्रजीभाषक जगात या नावाला एकेकाळी चांगले दिवस होते. अमेरिकेच्या ईशान्येला वसलेल्या प्युरिटन लोकांनी संतांची नावं टाकून जुन्या करारातून नावं उचलली. रोज घरी बायबल वाचायचं, पान न पान वाचायचं, त्यामुळे कानाकोपऱ्यातली नावंही त्यांच्या हाती लागली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये जेरुशा हे नाव नित्याचं होतं. प्रसिद्ध धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्‌स यांच्या एका मुलीचं नाव जेरुशा. ती 1730 ची. त्यांच्या घरी क्षयाने आजारी असलेला डेव्हिड ब्रेनर्ड हा तरुण मिशनरी शेवटचे महिने राहिला आणि जेरुशाने त्याची शुश्रूषा केली. तो 1747 च्या ऑक्टोबरमध्ये गेला, आणि चार महिन्यांनी तीही गेली. सतरा वर्षांची होती. एडवर्ड्‌सनी ब्रेनर्डचं चरित्र 1749 मध्ये छापलं. ते वाचून भारावलेल्यांत एक होता विल्यम केरी, जो पुढे बंगालात आला, श्रीरामपूरला छापखाना उभारला आणि पंडित वैजनाथांच्या साह्याने 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं. मराठी मुद्रणाच्या आरंभाशी अशा एका जेरुशाचा दूरचा धागा आहे, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

एकोणिसावं शतक संपेपर्यंत अमेरिकेत हे नाव जुनाट झालं, थडग्याच्या दगडावर वाचायचं. जीन वेब्स्टर यांच्या 1912 च्या 'डॅडी-लाँग-लेग्ज' या कादंबरीतल्या अनाथ नायिकेचं नाव जेरुशा ॲबट आहे, आणि अनाथालयाच्या बाईंनी 'जेरुशा' थडग्यावरून उचललेलं आहे. मुलीला ते आवडत नाही. ती स्वतःला जूडी म्हणवून घेते. कादंबरी जगभर वाचली गेली, पण नायिकेनेच टाकलेलं नाव कोण ठेवणार? पुढे जेम्स मिचेनर यांच्या 1959 च्या 'हवाई'मध्ये मिशनऱ्याची सोशिक पत्नी जेरुशा आली, 1966 च्या चित्रपटात ज्यूली अँड्र्यूजने तिचं काम केलं. तिथेही हे नाव गेलेल्या काळाची खूण म्हणूनच आहे.

ज्या वर्षांत अमेरिकेतली कादंबरी या नावाला जुनं ठरवत होती, त्याच वर्षांत मुंबईत एक जेरुशा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. झिराड घराणं किनाऱ्यावरून केव्हाच बाहेर पडलं होतं. जेरुशाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या शिमोग्याचा, शाळा पुण्याची हुजूरपागा. त्या लहान असताना बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. ॲनेट बेन्सन यांच्या उपचारांनी वाचली. अकरा वर्षांच्या मुलीने तेव्हाच ठरवलं, आपणही डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलात काम करायचं. 1886 साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल बायका-मुलांसाठीचं आणि बायकांनीच चालवलेलं होतं, पण तिथल्या वरच्या जागा युरोपीय स्त्रियांकडे असत. झिराडबाई परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनला शिकल्या, तिथे हॉस्पिटलात काम केलं, 1919 मध्ये एम.डी. झाल्या. परतल्यावर दिल्ली, बंगळूर असा प्रवास करून 1928 मध्ये कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि 1947 पर्यंत तिथे राहिल्या. लहानपणी धरलेली गोष्ट त्यांनी अशी अक्षरशः ताब्यात घेतली.

त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मुंबईतल्या मातामृत्यूंच्या कारणांचं संशोधन. त्याचा अहवाल 1941 मध्ये निघाला. बाळंतपणात बाई गेली की 'दैव' म्हणून गप्प बसणाऱ्या शहरात एकेका मृत्यूची चौकशी करायची, काय केलं असतं तर ती वाचली असती हे लिहायचं, हे काम आकड्यांचं दिसतं, पण त्यामागे केवढी माया लागते. देशभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि 1925 साली त्यांनी मुंबईत ज्यू रिलिजस युनियनची स्थापना केली. जुन्या प्रार्थनागृहांत बायका वेगळ्या, बहुधा वरच्या सज्जात बसतात. लंडनमध्ये पाहिलेल्या उदारमतवादी ज्यू चळवळीच्या धर्तीवर त्यांनी काढलेल्या या मंडळात स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून उपासना करावी असा आग्रह होता. जिच्या नावाला धर्मविधीची अट नव्हती अशा मुलीने मोठेपणी विधीतच बाईसाठी जागा केली.

एवढी मोठी बाई झाल्यावर तिचं नाव पसरायला हवं होतं. नेत्यांची, नट्यांची, खेळाडूंची नावं पसरतातच. जेरुशा पसरलं नाही, त्याची कारणं साधी आहेत. समाजच मुळात लहान. 1951 च्या जनगणनेत भारतातले सगळे ज्यू मिळून सुमारे 26 हजार होते, आणि इस्रायलकडे स्थलांतर सुरू झालेलं होतं. आज ते काही हजार उरलेत. राहिलेल्यांतल्या पुष्कळांनी मुलींना शाळेत, कचेरीत अडखळावं लागणार नाही अशी नावं दिली, किंवा मुलींनीच ती घेतली. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 1969 मध्ये मोबाइल क्रेशेस सुरू करणाऱ्या मीरा महादेवन जन्माने मिर्याम जेकब मेंद्रेकर. मिर्यामची मीरा होताना दोन अक्षरं इकडची तिकडे झाली आणि दोन्ही नावं आपापल्या परंपरेत शोभली. हिंदी कादंबरीकार शीला रोहेकर यांच्या आडनावात रोहे आहे, पहिल्या नावात कुठेही अडखळायला होत नाही. जेरुशाला असं मराठी जुळं नाव नाही. ती घ्यायची तर तशीच घ्यावी लागते.

मराठी ख्रिस्ती घरांतून ती येऊ शकली असती, पण तिथे रमाबाई, लक्ष्मीबाई, मनोरमा या नावांना धर्म बदलल्यावरही कुणी हात लावला नाही, आणि ती चाल पुढे बरीच टिकली. दक्षिणेत चित्र वेगळं आहे. तमिळनाडू, आंध्र, तेलंगणातल्या ख्रिस्ती कुटुंबांत जेरुशा नावाच्या मुली आजही भेटतात. तिथे बायबलमधून, तेही कमी वापरलेलं नाव निवडण्याची हौस आहे. वारसा, देवाने दिलेलं वतन, हा अर्थ आईबाप कौतुकाने सांगतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत किंवा हॉस्पिटलांत तुम्हाला जेरुशा भेटली, तर ती बहुधा हैदराबादची नाहीतर चेन्नईची असेल, झिराडची नसेल.

आणि इस्रायलमध्ये? डिमोना, अश्दोद, लोद इथे गेलेल्या रायगडच्या कुटुंबांनी मराठी अजून जपली आहे, 'मायबोली' नावाचं मासिकही काढलं. तिथे मात्र या नावाची अडचण निराळीच आहे. आधुनिक हिब्रूत 'येरुशा' हा रोजच्या व्यवहारातला शब्द. आजोबांचं घर कुणाला, शेताचे हिस्से कसे, मृत्युपत्र आहे का नाही, हे सगळं येरुशा. 1965 च्या वारसा कायद्याचं हिब्रू नाव 'होक हायेरुशा'. 'य' असलेल्या मूळ उच्चाराने हाक मारली तर वकिलाची कचेरी आठवावी असं ते नाव, तिथे मुलीला कोण ठेवणार? इंग्रजीच्या दारातून आलेला 'ज' आहे म्हणूनच जेरुशा हे नाव म्हणून ऐकू येतं. आणि इकडे अलिबागच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईने, जिचं बाळंतपण चाळीसच्या दशकात कामा हॉस्पिटलात झालं, तिथल्या डॉक्टरबाईंचं नाव 'झिराडबाई' एवढंच लक्षात ठेवलं असेल, त्यांचं पहिलं नाव तिने कधी ऐकलंही नसेल.